मुक्कामाला राहायचं म्हणणारी मुलगी

लातूरला मी समुपदेशन करते. माझी खोली ज्या गल्लीत आहे तिथून पाच मिनिटांवर ‘नीट’चे क्लास, मेस, मुलींची होस्टेलं आणि झेरॉक्सची दुकानं आहेत. झोप येत नाही, पेपरच्या आदल्या दिवशी पोट बिघडतं, वाचलेलं डोक्यात राहत नाही, अशा तक्रारी घेऊन मुलं येतात. अधूनमधून मात्र एक वेगळी चिंता येते. ती थोड्याफार फरकानं अशी असते: “मॅडम, मला डॉक्टर होऊन जिथं डॉक्टर नाहीत तिथं काम करायचंय. पण मार्क बघता नंबर लागेल असं वाटत नाही. आणि लागला तरी मी खरंच जाईन का, याची आता मलाच खात्री नाही. मी ढोंगी आहे का?” हीच चिंता आईवडिलांच्या तोंडून येते तेव्हा ती एका वाक्याची असते. “हे खूळ कधी जाईल?”

उत्तरादाखल एका मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, उदगीरकडची, रिपीटर. वडील एसटीत कंडक्टर, आई घर आणि शिवणकाम सांभाळणारी. टेस्टमध्ये 720 पैकी 500 च्या आसपास घुटमळत होती. दोन महिने रात्री तीन-साडेतीनला जाग यायची ती यायचीच. जगणं नकोसं वाटतं का, हे मी अशा मुलांना आडवळणानं विचारत नाही, सरळ विचारते. तिनं तितकंच सरळ ‘नाही’ सांगितलं. मग म्हणाली, “पण लोकांना तोंड दाखवणं नकोसं वाटतं.”

झालं होतं असं. दहावीत शाळेतल्या एका कार्यक्रमात तिनं भाषण केलं होतं, ‘मी डॉक्टर होऊन गडचिरोलीला जाणार.’ टाळ्या पडल्या. सरांनी ते गावभर सांगितलं, मामानं लग्नाच्या मांडवात सांगितलं. तेव्हापासून ती नातेवाइकांत ‘गडचिरोलीवाली’. पहिल्या प्रयत्नात नंबर हुकला तेव्हा तिच्या चुलतभावाचाही हुकला होता. त्याला नुसतं मेडिकलची सीट हुकल्याचं दुःख झालं. हिची सीट हुकली, आणि वर गडचिरोलीतली न पाहिलेली माणसंही आपल्यामुळं वाऱ्यावर पडली, असं तिला वाटायला लागलं. एक प्रश्न चुकला की उणे गुण एक, आणि त्यावर हा अपराध.

पहिल्या भेटीत मी चूक केली. मुलगी गुणी, हेतू चांगला, म्हणून मी तिला हुरूप द्यायला गेले. शोधग्रामचे बंग, हेमलकसाचे आमटे, मेळघाटातल्या बैरागडचे कोल्हे, दुर्गम भागात जाऊन राहिलेल्या डॉक्टरांची सगळी नावं तिच्यापुढं मांडली. गडचिरोलीतल्या नवजात बाळांवरचं काम सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती. पुढच्या आठवड्यात आली ती आणखी वाळलेली. “ती माणसं किती मोठी आहेत मॅडम. मला तर केमिस्ट्रीचा एक धडा उरकत नाही.” तिच्या पाठीवर आधीच ओझं होतं, त्यावर मी चार थोर माणसं बसवली होती.

मग मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. “असा दवाखाना तू आतून पाहिलायस का?” नव्हता पाहिला. गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लहानपणी लस टोचून घेतली होती, तेवढंच. वर्षाला लाखभर रुपये खर्चून ज्या आयुष्याची तयारी चालली आहे त्यातला एकही दिवस पाहिलेला नसणं, हे फक्त तिचंच नाही. क्लासच्या गल्लीतल्या बहुतेक मुलांचं असंच असतं. त्यांनी डॉक्टर पाहिलेले असतात ते टेबलाच्या अलीकडून.

किनवट तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी माझ्या परिचयाचे होते. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस तिनं तिथं जावं, कशालाही हात लावू नये, रुग्णाची गोष्ट बाहेर सांगू नये, नुसतं बसावं आणि बघावं, असं ठरलं. डॉक्टर तयार झाले. वडील तयार होईनात.

ते माझ्याकडं आले ते ड्युटीवरून, खाकीतच. “मॅडम, तुम्ही पोरीच्या डोक्यातलं काढायचं का आणखी घालायचं?” मी सेवा, संधी असं काहीतरी बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला. “मी मुक्कामी गाडीवर वीस वर्षं काढली. शेवटच्या गावात गाडी लावायची, गाडीतच झोपायचं, पहाटे परत फिरायचं. खेड्यात रात्री काय असतं ते मला सांगू नका. एकदा रात्री दोनला अडलेली बाई आमच्या गाडीत घालून आणली. तिथं दवाखाना होता मॅडम. डॉक्टर नव्हता. आता ते डॉक्टर तिथं का थांबत नाहीत तेही मला ठाऊक आहे. आणि तिथं मी माझी पोरगी ठेवू?”

त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. अशा बापांना ‘मागासलेले विचार’ म्हणून बाजूला सारणारे समुपदेशक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. या मुलीला दुर्गम भागाबद्दल जे पुस्तकातून कळलं होतं ते या माणसाला अंगानं कळलेलं होतं, फक्त बापलेकीनं त्यावर कधी एकत्र बसून बोलणं केलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “तुम्हीच घेऊन जा. आणि तुम्हीही थांबा.”

चार दिवसांनी ती परत आली ती हिरमुसून. “मॅडम, तिथं डॉक्टर फारसं काही करतच नव्हते. जीव वाचवला असं चार दिवसांत एकदाही झालं नाही.”

मी म्हटलं, काय काय झालं ते क्रमानं सांग. ते सांगायला तिला दीड तास लागला.

सकाळी ओपीडी. खोकला, खरूज, गुडघे, बीपीच्या गोळ्या. दुपारी रजिस्टरं आणि ऑनलाइन माहिती भरणं. रेंज येत नाही म्हणून डॉक्टर लॅपटॉप घेऊन गच्चीवर. बाळंतपण झालं ते सिस्टरनं केलं, डॉक्टर दाराशी उभे होते. टीबीचा एक माणूस औषध अर्धवट टाकून गायब झाला होता, त्याच्या घरी तीनदा निरोप गेला. तिसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर ती तांड्यावर गेली. बायका गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलत होत्या, हिला ओ की ठो कळेना. आईला ‘याडी’ म्हणतात एवढं शिकून आली. तिथं एक सात महिन्यांची गरोदर बाई ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत होती. तिला थांबवणं शक्य नव्हतं, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. मग आशाताईंनी मुकादमाचा नंबर लिहून घेतला, कोणत्या कारखान्याला टोळी जाणार ते विचारलं, सिस्टरनं तिचं कार्ड पूर्ण भरून दिलं, लोहाच्या गोळ्या बांधून दिल्या. आणि डॉक्टर संध्याकाळभर फोनवर होते.

“कुणाशी?”

“त्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राशी. अशी अशी बाई येतेय, तारीख अमुक, रक्त कमी आहे, लक्ष ठेवा म्हणून.”

एवढं बोलून ती थांबली. मीही काही बोलले नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “म्हणजे ते काम होतं.”

अशा जागी समुपदेशकानं गप्प बसावं हे मला माहीत आहे, पण मी बसले नाही. पहिल्या भेटीत सांगितलेलंच मी तिला पुन्हा सांगितलं. बंग दांपत्यानं 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: जन्मलेल्या बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला होता. बाळाजवळ रात्री बसलेली ती बाई डॉक्टर नव्हती. डॉक्टरांनी शिकवलं, मोजलं, चुकलं तिथं दुरुस्त केलं. ही गोष्ट तिच्या वहीत आधीपासून लिहिलेली होती, पण तेव्हा तिनं तीत फक्त डॉक्टरचं नाव ऐकलं होतं. खरं सांगायचं तर मीही तसंच सांगितलं होतं.

“आणि ही बाकीची नावं बघ,” मी म्हटलं. “अभय आणि राणी बंग. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. रवींद्र आणि स्मिता कोल्हे. जामखेडला 1970 पासून काम उभं करणारे रजनीकांत आणि मेबल आरोळे. काय दिसतं?”

“सगळे जोडीनं आहेत.”

“आणि तू भाषणात काय म्हणाली होतीस?”

“मी जाणार,” ती म्हणाली आणि हसली. माझ्याकडं यायला लागल्यापासून पहिल्यांदा.

जोडी म्हणजे लग्नच असा अर्थ कुणी काढू नये. मुद्दा सोबतीचा आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात साधारण वीस हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, मैदानी भागात तीस हजारांमागं एक, असा सरकारी निकष आहे. एवढी माणसं एका डॉक्टरनं एकट्यानं सांभाळावीत असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. ते फक्त आमच्या शाळेतल्या भाषणांत असतं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्याच वर्षी मुलांना गटानं गावात शिबिराला नेतात, गाव दत्तक घेतात. ‘सर्च’नं 2006 पासून ‘निर्माण’ची शिबिरं चालवली तीही तरुणांना एकमेकांची सोबत मिळावी म्हणून. इरादा एकट्याच्या छातीत फार दिवस टिकत नाही. होस्टेलच्या खोलीत, रात्री साडेतीनला, तर नाहीच.

ढोंगाचा प्रश्न मात्र अजून शिल्लक होता. त्यावर आम्ही वर्षांचा हिशेब मांडला. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज मिळालं तर पुढं एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड, पीजी केलं तर आणखी तीन वर्षं. सगळं सुरळीत झालं तरी तिशी आली. “तू त्या तिशीतल्या बाईच्या वतीनं दहावीत शब्द देऊन बसलीस. ती कोण असेल, कुणाबरोबर असेल, तुला माहीत नाही. तिचं तिला ठरवू दे. तू उद्या सकाळचं बघ.” न पाळलेल्या वचनाला ढोंग म्हणता येईल. जे पाळायची वेळच अजून आलेली नाही त्याला कसं म्हणणार?

दुसरी गोष्ट मी जवळजवळ सगळ्याच रिपीटरांना सांगते. ‘नीट’ला आता वयाची वरची मर्यादा नाही, प्रयत्नांचीही नाही. मुलांना हे सोयीचं वाटतं. मला ते धोक्याचं वाटतं, कारण कधी थांबायचं हे कुणीच सांगत नाही. आम्ही ते निकालाआधी, डोकं शांत असताना कागदावर लिहून ठरवलं: हा लातूरमधला शेवटचा प्रयत्न. खाली तिची सही, वडिलांचीही.

किनवटहून आल्यावर वडिलांना तिथं काय वाटलं ते विचारलं होतं. ते म्हणाले, “माणूस चांगलाय तो डॉक्टर. पण त्यांच्या क्वार्टरला पाणी नाही मॅडम. हपशावरून भरतात. बायको-लेकरं नांदेडला. शाळा नाही ना धड. मी विचारलं, साहेब किती वर्षं थांबणार? तर म्हणाले, बदली होईपर्यंत.” मग जरा वेळानं, “पण सकाळी पाचला सिस्टर उठून आली बाळंतिणीसाठी, आमच्या वेळी तेवढं पण नव्हतं.”

निकाल लागला. मार्क वाढले, पण सरकारी एमबीबीएसला पुरले नाहीत. खासगी कॉलेज त्या घराच्या आवाक्याबाहेरचं. तिसऱ्या प्रयत्नाचं बोलणं मामानं काढलं. वडिलांनी सही केलेला कागद कपाटातून काढून दाखवला, असं तिनंच सांगितलं. ‘नीट’च्याच गुणांवर तिला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयात बीएएमएसला प्रवेश मिळाला.

यावर ‘सगळं सारखंच असतं’ असं गोड बोलणं मला जमत नाही. सारखं नसतं. काय करायची परवानगी आहे, पगार किती, लोक किती मानतात, सगळ्यात फरक आहे, आणि तो मी तिला तोंडावर सांगितला. हेही सांगितलं की आदिवासी भागात नवसंजीवनी योजनेची जी भरारी पथकं पाड्यापाड्यांवर फिरतात त्यांतले डॉक्टर बहुतांशी बीएएमएस असतात, तेही मानधनावर. तिनं दोन दिवस रडून घेतलं. रडण्यासारखंच होतं. मग गेली.

गडचिरोलीला जाणार की नाही, हे तिला आता कुणी विचारलं तर ती ‘बघू’ म्हणते. आईला हे उत्तर फार आवडतं. मलाही आवडतं, कारणं वेगळी आहेत.

गेल्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. सुट्टीत पुन्हा किनवटला त्याच केंद्रावर जाणार आहे, या वेळी वर्गातल्या दोघी बरोबर आहेत, त्यातली एक तांड्यावरचीच, गोरमाटी बोलणारी. जुने डॉक्टर बदलून गेले, नवीन आलेल्या मॅडमनी परवानगी दिली आहे. मी विचारलं, बाबा सोडायला येणार का?

“येणार म्हणजे काय,” ती म्हणाली. “कालपासून जीपवाल्याशी भांडतायत. दोन मोठे पाण्याचे जार टपावर बसले पाहिजेत म्हणून.”