दुःखात देवाचं गौरव दिसत नसेल, तर माझा विश्वास कमी आहे का?

ताई, तुमची आई वर्षभर कर्करोगाने अंथरुणाला खिळली आहे आणि तिचं सगळं तुम्ही एकटीच करता, असं तुम्ही लिहिलंय. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारी प्रभूच्या रूपांतराचं, म्हणजे डोंगरावर येशूचं रूप तेजाने पालटलं त्या प्रसंगाचं, शुभवर्तमान वाचलं गेलं. दुःख सोसणाऱ्याला देव आपल्या गौरवाची झलक दाखवून धीर देतो, असं प्रवचनात ऐकलंत. तुम्हाला मात्र काहीच दिसत नाही. मग आपला विश्वासच कमी पडतो का, असं तुम्ही विचारलंय.

मला विचाराल तर नाही. मी ईशज्ञान शिकलेली नाही, वसईतली साधी बाई आहे. पण पाच वर्षं ह्यांचं डायलिसिस चाललं होतं, आणि त्या काळात हा उतारा इतक्यांदा वाचला की बायबलची ती पानं सुटी झाली.

आधी एक बघा. येशूने डोंगरावर तिघा शिष्यांनाच नेलं, पेत्र, याकोब आणि योहान. बाकीचे नऊ जण खाली राहिले. त्यांचा विश्वास कमी होता म्हणून त्यांना मागे ठेवलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. खाली त्यांच्यापुढे फेफरं येणारा एक मुलगा होता, रडकुंडीला आलेला त्याचा बाप होता, वाद घालणारे शास्त्री होते. शिवाय, आपल्या हातून काहीच होत नाही ही लाज. तुम्ही आज त्या नऊ जणांत आहात. तिकडे डोंगरावर पेत्र म्हणाला, इथेच तीन मंडप बांधू या. पण येशू तिथे थांबला नाही. तो खाली उतरला आणि त्या मुलापाशी आला.

डोंगरावर येशूला भेटायला आले ते जुन्या करारातले मोशे आणि एलीया. मोशे म्हणजे नियमशास्त्र आणि एलीया म्हणजे संदेष्टे, असं आपल्याला धर्मशिक्षणात शिकवतात. ते खरंच आहे. पण ह्यांच्या आजारपणात मला वेगळंच दिसलं. या दोघांनीही एकेकदा देवाकडे मरण मागितलं होतं! लोकांचा भार सोसवेना तेव्हा मोशे म्हणाला, मला असंच वागवायचं असेल तर मारूनच टाक (गणना 11). एलीया रानात रतामाच्या झाडाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे (1 राजे 19). मोशेने तर ‘मला तुझं गौरव दाखव’ असं तोंडाने मागितलं होतं. देवाने त्याला खडकाच्या कपारीत उभं केलं, आपल्या हाताने झाकलं आणि आपली फक्त पाठ दिसू दिली. वचनदत्त देश त्याने नबो डोंगरावरून लांबूनच पाहिला आणि तिथेच वारला. तो मोशे आता त्याच देशात, प्रकाशात, येशूशी बोलत उभा आहे. बोलतायत कशाबद्दल? लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो, यरुशलेमेत होणाऱ्या त्याच्या मरणाबद्दल. इतक्या तेजातही विषय मरणाचाच होता.

मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो की येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरच्या कुणा परिटाला तशी करता येणार नाहीत. त्या परिटापाशी मी नेहमी अडायचे. ह्यांच्या फिस्टुलातून, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला हातात केलेल्या शिरेच्या जोडातून, कधी कधी रक्त यायचं, सदऱ्याची बाही भिजायची. गार पाण्यात मीठ घालून कितीही चोळली तरी तांबूस डाग राहायचाच.

मला जे दिसलं ते एकदाच. तिसऱ्या वर्षी हेही ‘आता पुरे’ म्हणायला लागले होते. एके दिवशी डायलिसिसला शेजारच्या बेडवर सतरा-अठरा वर्षांचं पोर होतं, त्याची पहिलीच वेळ. ती जाड सुई बघून ते पांढरं पडलं. ह्यांचा डावा हात मशीनला जोडलेला होता. ह्यांनी उजवा हात लांब करून त्याची बोटं धरली आणि म्हणाले, ‘माझ्याकडे बघ, तिकडे बघू नकोस.’ तेव्हा ह्यांचा चेहरा मी पाहिला. तीस वर्षांच्या संसारात तसा कधी पाहिला नव्हता. दोन-तीन मिनिटं, मग पुन्हा तेच थकलेलं तोंड. रात्री उलट्या झाल्या आणि चिडून ताट ढकललं. पण मी जे पाहिलं ते पाहिलं. पुढची दोन वर्षं आणि ह्यांना माती दिली तो दिवस मी त्याच्यावर काढला.

ती झलक दुःख टाळत नाही, हेही सांगते. येशूला पकडलं त्या रात्री तेच तिघे गेथशेमाने बागेत झोपले. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं. याकोबाला हेरोद राजाने तलवारीने मारलं. कोलकात्याच्या मदर तेरेसांना 10 सप्टेंबर 1946 ला दार्जिलिंगच्या गाडीत देवाची हाक आली, आणि नंतरची जवळपास पन्नास वर्षं त्यांना आत अंधारच जाणवत होता. त्यांच्या पत्रांतून ते जगाला कळलं, आणि तरी चर्चने त्यांना संत म्हटलं. तेव्हा दिसत नाही म्हणून तुम्हाला कुणी कमी विश्वासाची म्हटलं, तर ऐकून घेऊ नका.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रात त्या डोंगराची आठवण येते. आम्ही स्वर्गातून आलेली देवाची वाणी स्वतः ऐकली, असं तो सांगतो, आणि पुढे म्हणतो, पहाट होईपर्यंत अंधारातल्या दिव्याकडे बघावं तसं या वचनाकडे लक्ष द्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठीच हे लिहिलंय. त्यांचं पाहणं आपल्याला उसनं घेता येतं, ताई. मीही घेतलं.

आणि प्रार्थना सुचत नसेल तर खालच्या त्या बापाची घ्या: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक.’ डायलिसिसच्या दिवशी पहाटे पावणेपाचला, ह्यांना उठवायच्या आधी, मी ओट्यावर बसून एवढंच म्हणायचे. बऱ्याचदा अर्धंच म्हणून व्हायचं, तेवढ्यात रिक्षा यायची.