आजोबांच्या ट्रंकेत 16 मिमीचं रीळ सापडलंय, 'व्हिक्टरी 1946' लिहिलेलं. प्रोजेक्टर लावून बघू का?

तुम्ही लिहिलंय की मित्राकडे जुना प्रोजेक्टर आहे, त्यावर लावून बघायचा विचार आहे. डब्यात काही कुजके कागद चिकटलेत, ते काढून टाकून डबा घासून घेणार आहात. आणि शेवटी विचारलंय की युद्धातल्या सैनिकांनी घरच्यांना कॅमेऱ्यासमोर दिलेले निरोप कुठे बघायला मिळतात, आपल्या जवानांचे तसे आहेत का.

कागद टाकू नका. प्रोजेक्टरचं नंतर बोलू, आधी कागद.

अशाच एका डब्याची हकिकत सांगतो. मराठा पलटणीतल्या एका जवानाच्या घरचा डबा, आत 400 फुटांचं 16 मिमीचं रीळ, दोन्ही कडांना भोकं. दोन्ही कडांना भोकं म्हणजे बहुतेक मूकपट, कारण आवाजाची पट्टी असलेल्या 16 मिमीला एकाच कडेला भोकं असतात आणि दुसऱ्या कडेची जागा आवाजाने घेतलेली असते. भोकांच्या मधली कड काळी होती. ही खूण फार महत्त्वाची. नेगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंटची कड पारदर्शक दिसते, रिव्हर्सल फिल्मची काळी. रिव्हर्सल म्हणजे कॅमेऱ्यात जी फिल्म घातली तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. तिची नेगेटिव्ह नसतेच. हौशी अंमलदार लोक तेव्हा अशाच फिल्मवर चित्रीकरण करत. त्यामुळे त्या डब्यात होती ती मूळ आणि एकुलती एक प्रत.

ते रीळ म्हणजे 100 फुटांच्या चार फिरक्या जोडून केलेलं होतं. जोड कुठे आहेत ते बघायला भिंगही लागत नाही, कारण कॅमेऱ्यात फिरकी भरताना आणि काढताना दोन्ही टोकांना उजेड शिरतो आणि तेवढा भाग पांढरा भगभगीत होतो. पहिल्या तीन फिरक्यांत विजयोत्सव: संचलन, बँड, कुस्त्या, जेवणाच्या पंगती. चौथीत अकरा जवान. एकेक जण कॅमेऱ्यासमोर येतो, सलाम ठोकतो, काहीतरी बोलतो, हसू दाबतो आणि बाजूला होतो. प्रत्येकी वीसेक सेकंद. 100 फुटांत 4,000 चौकटी, म्हणजे एकेक स्थिर चित्रं, बसतात. मूकपटाच्या सेकंदाला 16 चौकटींच्या वेगाने 250 सेकंद होतात. म्हणजे ज्याने कॅमेरा धरला होता त्याने एक अख्खी फिरकी या अकरा जणांसाठी राखून ठेवली होती.

डब्यात, रिळाच्या वर, एक चतकोर कागद होता. पेन्सिलीने लिहिलेला, मोडी अक्षर. अकरा ओळी. ती त्या अकरा जणांची नावं होती, कॅमेऱ्यासमोर आले त्याच क्रमाने.

कुटुंबाने डबा स्कॅन करायला एका ठिकाणी दिला. तिथल्या मुलाला मोडी कुठून वाचता येणार! त्याने कागद रद्दीत टाकला, गंजका डबा भंगारात दिला आणि रीळ नव्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून परत केलं. सोबत पेन ड्राइव्ह. त्यावरची फाइल सेकंदाला 24 चौकटींनी चालवलेली, म्हणजे 250 सेकंदांचे निरोप पावणेतीन मिनिटांत आटोपलेले, माणसं टुणटुण चाललेली, आणि वर देशभक्तीपर गाण्याची चाल चढवलेली. त्या घरातल्या एका सुनेने डबा देण्याआधी फोनवर एक फोटो काढला होता. त्या फोटोच्या कोपऱ्यात दुमडलेल्या चिठ्ठीचा वरचा भाग दिसतो. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेतला, पाच नावं निघाली. पहिल्या पाच जवानांच्या घरी आज सांगता येतं की हे तुमचे पणजोबा. बाकीचे सहा जण अजूनही सलाम ठोकून बोलतात आणि कोण बोलतंय हे कोणालाही माहीत नाही.

म्हणून म्हणतो, तुमच्या डब्यातला कागद कुजका असो, गंजाने चिकटलेला असो, तो रिळाइतकाच मोलाचा आहे. कुजणाऱ्या फिल्ममधून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा कागदात साठतात, त्यामुळे तो फिल्मसोबत ठेवू नये हे खरं. पण वेगळा ठेवायचा, फेकायचा नाही. झाकण उघडल्या उघडल्या, काहीही न हलवता, वरून फोटो. मग झाकणाच्या आतल्या बाजूचा, तळाचा, रिळाच्या दांडीवरच्या खुणांचा. चिकटलेला कागद पाणी लावून सोडवू नका, पेन्सिल टिकेल पण शाई उतरेल. सुटत नसेल तर त्या पत्र्यासकट ठेवा. सुटलेला कागद साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात, आणि पाकिटावर डब्याचा क्रमांक.

आता प्रोजेक्टर. लावू नका. इतक्या वर्षांत फिल्म आकसलेली असते. प्रोजेक्टरचे दात भोकांत ठरलेल्या अंतरानेच शिरतात, आकसलेल्या फिल्मची भोकं ते फाडत जातात आणि चार मिनिटांत सगळी कड झालरीसारखी होते. मध्ये अडकली तर 750 वॅटचा दिवा समोरची चौकट भाजून काढतो. किती आकसली आहे ते घरी मोजता येतं. 16 मिमीच्या 100 चौकटींची लांबी 762 मिमी असायला हवी. फिल्म स्वच्छ टेबलावर, न ताणता, स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवा आणि एका भोकाच्या कडेपासून पुढच्या शंभराव्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत मोजा, पहिलं भोक मोजणीत न धरता. 754 किंवा त्याहून कमी भरलं तर एक टक्क्यापेक्षा जास्त आकसली. मग कुठल्याही दातेरी यंत्रात घालायची नाही. दातांऐवजी रबरी रुळांवर चालणारा आणि भोकं लेझरने किंवा कॅमेऱ्याने ओळखणारा स्कॅनर लागतो. स्कॅन करणाऱ्याला हा प्रश्न थेट विचारा, उत्तर देता आलं नाही तर डबा उचलून परत या.

वास घ्या, पण डबा तोंडाशी धरून नको, खिडकीपाशी. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अॅसिटेट, म्हणजे फिल्मची प्लॅस्टिकची पट्टी, कुजायला लागलंय. ही कुजण एकदा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की सुटणारं आम्लच पुढची कुजण वाढवतं, थांबत नाही, फक्त मंदावता येते. अशा डब्याशेजारी दुसरी चांगली रिळं ठेवू नका, त्यांनाही लागण होते. ए-डी स्ट्रिप नावाच्या निळ्या पट्ट्या मिळतात. बंद डब्यात एक दिवस ठेवली की निळी राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर स्कॅन लगेच, पिवळी झाली तर आजच. कोकणातलं किंवा मुंबईतलं घर असेल तर बुरशीही बघा, पांढरे जाळीदार ठिपके. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. चित्र जिलेटिनच्या थरात असतं, पाण्याने तो थर फुगतो आणि बुरशीने पोखरलेला असेल तर फडक्याबरोबरच निघून येतो. डांबरगोळ्या तर नकोतच. थंड, कोरड्या खोलीत, आडवा डबा, झाकण घट्ट न दाबता. फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर दुहेरी झिपच्या पिशवीत, आणि बाहेर काढल्यावर एक अख्खा दिवस पिशवी न उघडता राहू द्या, नाहीतर दव धरतं.

चित्र कुठल्या काळचं आहे ते कडेवर शोधा. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात, त्यांवरून फिल्म कारखान्यात कधी बनली ते वर्ष निघतं. पण तीच खूण दर 20 वर्षांनी परत येते, त्यामुळे 1945 आणि 1965 सारखेच दिसतात. शिवाय ते वर्ष फिल्म बनल्याचं असतं, चित्रीकरणाचं नाही. 'व्हिक्टरी 1946' वाचून लगेच दिल्ली समजू नका. 7 मार्च 1946 ला दिल्लीत मोठं विजयसंचलन झालं (त्याच दिवशी शहरात निदर्शनं पेटून टाऊन हॉल जाळला गेला), 8 जूनला लंडनमध्ये झालं, तिथेही भारतीय तुकडी होती. आणि पलटणींनी आपापल्या ठाण्यांवरही उत्सव केले. इमारती, फेटे, खांद्यावरच्या पट्ट्या, झाडांच्या सावल्यांची लांबी बघून ठरवायचं असतं. चित्रात माणसांऐवजी नुसते हस्तलिखित कागद एकामागून एक दिसले, तर ते एअरग्राफ असेल. युद्धकाळात पत्रांचे फोटो 16 मिमीवर काढून विमानाने ती फिल्मच पाठवत आणि तिकडे पुन्हा कागदावर छापत.

स्कॅन करताना चार गोष्टी लिहून द्या. कडा आणि भोकांसकट पूर्ण रुंदी, ज्याला ते ओव्हरस्कॅन म्हणतात, म्हणजे कडेवरच्या खुणाही फाइलमध्ये येतील. निदान 2के, म्हणजे चित्राच्या रुंदीत दोनेक हजार ठिपके. प्रत्येक चौकट एकदाच, वेग न बदलता. रंग, संगीत, 'सफाई' काहीही नको. 400 फुटांत 16,000 चौकटी होतात. प्रत्येक चौकटीची वेगळी डीपीएक्स फाइल (न दाबलेलं पूर्ण चित्र) घेतली तर सगळं मिळून 200 जीबीच्या आसपास जातं, प्रोरेस (थोडीच दाबलेली, चांगल्या दर्जाची व्हिडिओ फाइल) घेतलं तर पंधरा-वीस जीबीत भागतं. घरासाठी प्रोरेस पुरे, पण एमपी4 वर समाधान मानू नका. पाहण्यासाठीची प्रत वेगळी काढा आणि तिचा वेग माणसांच्या चालण्यावरून ठरवा, 16 पासून सुरू करून. जवानाचा हात सलामीला जातो तो क्षण बघा. चुकीच्या वेगाने तो झटका दिसतो, बरोबर वेगाने हात.

या निरोपांत काय ठेवलंय, सगळे एकसारखंच बोलतात, असं मला याच कामातल्या माणसांनी ऐकवलंय. मला ते पटत नाही. एकसारखं बोलतात कारण त्यांना वीस सेकंद दिले होते आणि समोर साहेब उभा होता. त्या वीस सेकंदांत कोणी आईचं नाव घेताना अडखळतो, कोणी टोपी नीट करतो, कोणी वाक्य विसरून नुसता हसतो. त्यावर गाणं चढवलं की हे सगळं झाकलं जातं. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे 'स्पष्ट' केले की तो चेहरा त्या माणसाचा राहत नाही, यंत्राने बनवलेला कोणीतरी असतो. घरच्यांना पणजोबांच्या जागी अनोळखी माणूस दाखवणं मला चूक वाटतं, आणि कोणी कितीही कौतुकाने केलं तरी चूकच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं: निरोपांच्या फिल्ममध्ये एक मोठा संच 'कॉलिंग ब्लायटी'चा. ब्लायटी हा शब्द आपल्या 'विलायती'वरूनच इंग्रज शिपायांनी उचलला. 1944 ते 1946 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या ब्रिटिश सैनिकांचे हे निरोप, मुंबईतल्या स्टुडिओत आणि आघाडीजवळही चित्रित केलेले. दहाएक मिनिटांचा एकेक भाग, त्यात एकाच शहरातली किंवा परिसरातली माणसं, आणि त्यांच्या घरच्यांना गावातल्या चित्रपटगृहात बोलावून दाखवायचे. चारशेच्या घरात भाग निघाले, टिकले साठेक. मँचेस्टरच्या नॉर्थ वेस्ट फिल्म अर्काइव्हने त्यांतल्या माणसांची कुटुंबं शोधून त्यांना पुन्हा चित्रपटगृहात बसवलं. ते जमलं कारण माणसं गावागावाने लावलेली होती. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्येही बरेच भाग आहेत, तिथल्या ऑनलाइन सूचीत शोधा. भारतीय सैन्याच्या युद्धकाळातल्या फिल्मही तिथे आहेत. 'कलोनियल फिल्म' या संकेतस्थळाच्या सूचीतही बघा. इकडे पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म्स डिव्हिजनचा साठा, दोन्ही आता एनएफडीसीखाली (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाखाली) आहेत. पत्र लिहिताना 'युद्धाच्या फिल्म' असं मोघम न लिहिता पलटण, ठिकाण, साल लिहा.

दोन गोष्टी राहिल्या. वरचं सगळं 16 मिमीसाठी आहे, जी जवळपास नेहमीच सेफ्टी फिल्म, म्हणजे सहज पेट न घेणारी, असते. रीळ 35 मिमी रुंद निघालं आणि त्या काळचं असलं, तर ते नायट्रेट, म्हणजे झटकन भडकणारी जुनी फिल्म, असू शकतं. कडेवर 'सेफ्टी' लिहिलेलं नसेल, फिल्म चिकट किंवा मधासारखी तपकिरी झाली असेल, तर वास घेत बसू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, कुरिअरने पाठवू नका आणि जाळून बघू नका. नायट्रेट पाण्याखालीही जळतं. डबा घराबाहेर सावलीत ठेवून संग्रहालयाला फोन करा. दुसरं, प्रोजेक्टरला मी सरसकट नाही म्हटलंय. न आकसलेली, न आंबलेली, जोड पक्के असलेली प्रिंट जाणकार माणसाच्या हातून चालवता येते. रिव्हर्सल निघालं तर मात्र तेव्हाही नाही.

आणि स्कॅन होईपर्यंत थांबू नका. घरात त्या काळच्या माणसांना ओळखणारं कोणी असेल, नव्वदीची आत्या, गावाकडचे काका, तर साध्या पांढऱ्या लाइट बॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पाटीवर) फिल्म ठेवून, सुती हातमोजे घालून, भिंगातून एकेका चेहऱ्याचा फोनवर फोटो घ्या. तो मोठा छापून त्यांना दाखवा. नाव सांगितलं की फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा, सोबत सुरुवातीपासून कितव्या फुटावरचा चेहरा तेही. 40 चौकटी म्हणजे एक फूट.