मालसरची छोटी गाडी माणसांनी भरलेली असायची, तरी तोट्यात कशी गेली?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी आजीबरोबर बडोद्याहून नर्मदास्नानाला मालसरला जायचात, मियागामला छोट्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि मग तीच गाडी 'तोट्यात' म्हणून बंद झाली, हे पटत नाही. शिवाय ती परत सुरू होईल का, असंही विचारलंय.

माझे वडील त्या छोट्या लाइनवर गुड्स क्लार्क होते. पुढे मीही रेल्वेच्या वाणिज्य खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत मालाच्याच पावत्या केल्या. त्यामुळे तुम्ही डब्याच्या खिडकीतून पाहिलेली गाडी मी मालधक्क्यावरून पाहिली. तिथून पाहिलं की कारण वेगळं दिसतं. ती लाइन माणसांसाठी बांधलेलीच नव्हती, मालासाठी होती. माल कितीतरी आधी निघून गेला आणि माणसं मागे राहिली.

मुळापासून सांगते. 1862 मध्ये खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोई ते मियागाम ही पहिली लाइन टाकली, सुमारे 33 किलोमीटर. त्या वेळी अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मही आणि नर्मदेमधला आपला कानम भाग म्हणजे काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात त्या चिखलात गाडं आसापर्यंत रुतायचं. म्हणून रूळ टाकले आणि त्यांवरून डबे ओढायला बैल जुंपले. लगेच इंजिनंही मागवली होती, पण रूळ इतके हलके, यार्डाला 13 पौंडांचे, की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. वजनदार रूळ टाकून 1873 मध्ये इंजिनं नियमित धावायला लागली, तोवर बैलच. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत जाळं वाढत गेलं आणि डभोईहून चारी दिशांना अडीच फुटी रूळ फुटले. कापूस, सरकी, धान्य, छोटा उदेपूरकडचं लाकूड, सगळं त्यावरून यायचं.

आता मियागाम. तिथे मुंबईची मोठी लाइन साडेपाच फुटांची आणि आपली अडीच फुटांची. वाघीण, म्हणजे मालाचा डबा, एकीवरून दुसरीवर जाऊच शकत नाही. मधे एक लांबट शेड, एका अंगाला छोटी वाघीण, दुसऱ्या अंगाला मोठी. मी नऊ-दहा वर्षांची असताना वडिलांचा डबा घेऊन जायचे. हमाल आकडा मारून गासडी कलती करायचे, दोघं-तिघं मिळून धक्क्यावरून ढकलत पलीकडच्या वाघिणीत लोटायचे. कापसाची एक दाबलेली गासडी 170 किलोची. वडील वाघिणीच्या दारावर खडूने रेघ मारायचे, चार उभ्या आणि पाचवी तिरकी. शेवटी दार ओढून कडीला तार घालायची, शिशाची गोळी पकडीने दाबायची. ती गोळी दाबली जाईपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. एक गासडी कमी भरली तर पावती, सील, नग, सगळ्याची चौकशी क्लार्ककडेच यायची. जेवणाचा डबा तासन् तास तसाच राहायचा.

या अदलाबदलीतच त्या लाइनचा जीव गुंतला होता. माल चाळीस किलोमीटर आणायचा, उतरवायचा, पुन्हा भरायचा, दोन ठिकाणी हमाली द्यायची, आणि मोठ्या लाइनची रिकामी वाघीण मिळेपर्यंत शेडमध्ये दोन-चार दिवस पडून राहायचं. पावसात वरची गासडी भिजली तर दावा वेगळा. तरी व्यापारी हे सगळं सोसत होता, कारण रस्ता धड नव्हता. करजणजवळून जाणारा मुंबईचा महामार्ग चांगला झाला आणि ट्रक थेट जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, दारात उभा राहायला लागला, तेव्हा सोसायचं कारण संपलं. जिनमध्ये भरलेला माल न उतरवता मुंबईला पोचतो म्हटल्यावर आमच्या शेडमध्ये कोण येणार? माल पोचवायचा ठेका घेणाऱ्या हुंडेकऱ्यांनी स्वतःच ट्रक घेतले.

दुसरा घाव रेल्वेने आपल्याच हाताने घातला. त्यामागचं गणित मला कळतं, तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. पूर्वी एक-दोन वाघिणींचं गिऱ्हाईकही रेल्वे घ्यायची. वाघीण आडस्टेशनाच्या सायडिंगला लावायची, भरून झाली की सकाळची मिक्स्ड गाडी (प्रवासी डबे आणि वाघिणी एकत्र नेणारी) ती शेपटाला जोडून न्यायची. ऐंशीच्या दशकात धोरण बदललं आणि पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरणाऱ्यालाच प्राधान्य मिळायला लागलं. सुट्या वाघिणी यार्डायार्डांत वेगळ्या काढण्या-जोडण्यात फार वेळ आणि इंजिनं खर्ची पडत होती, हे खरंच होतं. एकच माल घेऊन एका जागेहून दुसऱ्या जागी थेट जाणारी गाडी स्वस्त पडते. पण एक रेक म्हणजे अडीच हजार टनांच्या वर माल. वजनाने धरलं तर चौदा-पंधरा हजार गासड्या. शिनोर-करजणकडच्या जिनवाल्याकडे एका वेळी तीस गासड्या तयार, म्हणजे पाच टन. त्याला रेल्वेने दार बंद केलं नाही, उंबरा मात्र इतका उंच केला की त्याला चढता येईना.

माल गेल्यावर काय उरलं ते तुम्ही पाहिलंयच. पूर्वी त्याच इंजिनाचा, त्याच ड्रायव्हर-गार्डचा, त्याच स्टेशनमास्तरचा खर्च वाघिणी भागवायच्या आणि तिकिटाचे पैसे वर मिळायचे. आजही भारतीय रेल्वेची दोन तृतीयांशाच्या आसपास कमाई मालाची आहे आणि प्रवासी भाडं त्याच्याच जोरावर कमी ठेवलं जातं. मालसरच्या लाइनवर जोर देणारा मालच राहिला नाही, मग दहा-पंधरा रुपयांच्या तिकिटांवर 38 किलोमीटर रूळ, पूल आणि माणसं कशी सांभाळायची? वाफेची इंजिनं जाऊन चित्तरंजनला बांधलेली झेडडीएम-5 डिझेल इंजिनं आली, 450 अश्वशक्तीची, छोट्या लाइनसाठी चांगली दमदार. पण ती ओढणार काय, तर प्रवासी डबे. काटकसर म्हणून फाटकांवरचे गेटमन काढले. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडून पळत येऊन चढायचा. तुम्हाला ते मजेचं वाटलं असेल. आम्हा घरच्यांना ते आजारी माणसाचं औषध कमी केल्यासारखं वाटायचं.

हे कारण खरं आहे का, हे ताडून पाहायचं असेल तर कुठल्या लाइनी वाचल्या ते बघा. भरूच–दहेज ही अशीच छोटी लाइन होती. दहेजला बंदर झालं, कोळशाचे पूर्ण रेक मिळणार हे दिसलं आणि 2012 मध्ये तीच 62 किलोमीटरची लाइन मोठी होऊन मालगाड्यांसाठी चालू झाली. छोटा उदेपूरची लाइन मोठी झाली, पुढे अलिराजपूरपर्यंत गेली आणि तिथून धारकडचं काम हाती घेतलं. त्या बाजूला डोलोमाइटच्या खाणी आहेत. चांदोदची लाइन मोठी करून पुढे केवडियापर्यंत नेली, 17 जानेवारी 2021 ला गाड्या सुरू झाल्या. तिथे माल नाही, सरदार पटेलांचा पुतळा आहे, म्हणून तो अपवाद धरा. मालसर आणि मोटी कोरलकडे बंदर नाही, खाण नाही, पुतळाही नाही. नर्मदामाई आहे, पण तिचा रेक भरत नाही.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून चीड येते. 2018 मध्ये रेल्वे मंत्रालयाने गुजरातच्या पाच छोट्या लाइनी वारसा म्हणून जतन करायचं ठरवलं. डभोई–मियागाम, मियागाम–मालसर, चोरंदा–मोटी कोरल, प्रतापनगर–जंबुसर आणि बिलिमोरा–वघई, मिळून 204 किलोमीटर. आम्ही जुन्या लोकांनी पेढे वाटले होते. दोनच वर्षांनी, 2020 च्या शेवटी, त्यातल्याच मालसर, मोटी कोरल, जंबुसर, वघई यांची नावं कायमच्या बंद करायच्या यादीत आली. लोकांनी आवाज उठवला, वघईची गाडी 2021 मध्ये परत सुटली. तिला जंगल आहे, हौशी प्रवासी आहेत. कानमातल्या सपाट शेतांतून जाणाऱ्या आपल्या लाइनसाठी तेवढा आवाज झाला नाही.

आता रेल्वेचं सगळं लक्ष बडोद्याजवळच्या मकरपुऱ्याकडे आहे. न्हावाशेवा ते दादरी 1506 किलोमीटरचा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग तिथून जातो. एकावर एक दोन कंटेनर मावावेत म्हणून वरची तार साडेसात मीटरवर बांधलीय, ओढायला बिहारमधल्या मधेपुऱ्याला बांधलेलं 12,000 अश्वशक्तीचं इंजिन. आमच्या झेडडीएम-5 सारखी सव्वीस एकत्र केली तरी थोडी कमीच पडतील. मी मुद्दाम बघायला गेले होते. गाडी जाताना जमीन हलते आणि ऊर भरून येतो, हे खोटं सांगणार नाही. वडिलांनी आयुष्यभर हाताने जे उतरवून घेतलं, ते इथे एका सीलमध्ये शेकडो कोस न उघडता जातं.

परत सुरू होईल का? नुसत्या प्रवाशांसाठी मोठी लाइन टाकतील असं मला वाटत नाही. म्हणून गाडी मागण्याआधी मालसरपर्यंतची रेल्वेची जमीन विकू देऊ नका, अतिक्रमण होऊ देऊ नका, असा अर्ज ग्रामपंचायतींकडून करून घ्या. रूळ उखडले तर पुन्हा टाकता येतात. सलग पट्टी एकदा तुकड्या-तुकड्यांत गेली की ती कोणीही परत जुळवू शकत नाही. तुमच्या नात्यातलं कोणी त्या बाजूला अजून राहत असेल तर मला कळवा, अर्जाचा मसुदा मी लिहून देईन.