इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्सच्या घरची जुनी दुःखद घटना ‘द सन’ने छापली, त्यात चुकलं काय?

तुमचं म्हणणं असं, की घटना न्यूझीलंडच्या, म्हणजे त्याच्या मूळ देशाच्या, पेपरांत पूर्वीच पहिल्या पानावर येऊन गेली होती, माहिती आणि फोटोही नात्यातल्याच व्यक्तीने दिले, मग पुन्हा छापली तर बिघडलं कुठे? ‘द सन’ या ब्रिटिश पेपरने नेमका हाच बचाव केला होता. तो काही टिकला नाही.

हेडिंग्ले कसोटीत इंग्लंडला जिंकून देणाऱ्या त्याच्या नाबाद १३५ धावांना महिनाही झाला नव्हता, तोच १७ सप्टेंबर २०१९ला ही बातमी आली. घटना स्टोक्सच्या जन्माआधीची, त्याच्या आईवर ओढवलेली. (तपशील मुद्दाम देत नाही, उत्तराला त्यांची गरज नाही.) तीस वर्षांत त्या घटनेत नवं काहीच घडलं नव्हतं. मुलगा गाजला, एवढंच. वर वार्ताहर काही न कळवता थेट आईवडिलांच्या दारात जाऊन उभा राहिला.

याच पेपरने २०१७मध्ये ब्रिस्टलच्या मारामारीचा व्हिडिओ छापला, त्यावर मात्र माझा आक्षेप नाही. स्टोक्स तेव्हा कसोटी संघाचा उपकर्णधार होता, प्रकरण पोलिसांत गेलं होतं आणि त्यापायी त्याची ऑस्ट्रेलियाविरुद्धची अ‍ॅशेस मालिका हुकली. पुढे २०१८मध्ये तो निर्दोष सुटला, तरी बातमी लोकांच्या कामाचीच होती. २०१०चं लॉर्ड्सवरचं नो-बॉल प्रकरण घ्या, पाकिस्तानी गोलंदाजांनी पैशांसाठी ठरवून टाकलेल्या नो-बॉलचं. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने वेश बदलून, पैसे मोजून ते उघड केलं, कारण फसवणूक मैदानावरच चालली होती. गंमत म्हणजे हाच पेपर पुढच्या वर्षी फोन हॅकिंगपायी बंद पडला.

पेपरच्या डेस्कवर बसणाऱ्याने आधी हे पाहावं: ही बातमी छापल्याने खेळाडूच्या खेळाबद्दल किंवा पदाबद्दल वाचकाला काय कळतं? काहीच नाही, तर पुढे जाऊच नये. मग संमती. नात्यातल्या एकाची परवानगी म्हणजे त्या आईची परवानगी नव्हे. ज्याचं दुःख, त्यालाच विचारायचं. राहिला ‘आधी छापून आलंय’ हा मुद्दा. लोक विसरून गेलेलं जुनं कात्रण लाखो लोकांपुढे आणलं, की घाव नव्यानेच बसतो. ब्रिटिश पेपरांच्या आचारसंहितेत खासगीपणाच्या कलमाला जनहिताची सूट आहे, शोकात असलेल्यांशी कसं वागावं हे सांगणाऱ्या कलमाला ती नाही.

स्टोक्स आणि त्याच्या आईने खासगी माहितीच्या गैरवापराचा दावा लावला. ऑगस्ट २०२१मध्ये पेपरने जाहीर माफी मागितली, भरपाई दिली, कोर्टखर्चही भरला. दोन वर्षं गेली, हेही लक्षात घ्या.

आपल्याकडे असं झालं तर आधी संपादकाला लेखी कळवा, मग प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे पेपरांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जा. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल ताकीद देते, निषेध नोंदवते. दंड करू शकत नाही आणि टीव्ही चॅनेल तिच्या कक्षेत येत नाहीत. भरपाई हवी असेल तर दिवाणी कोर्टच.