साखर काढली आणि केक बसला

प्रश्न : माझ्या आईला टाइप 2 मधुमेह आहे. तिच्या वाढदिवसाला मी नेहमीच्या स्पंज केकमधली सगळी साखर काढून सुक्रालोज हा कृत्रिम गोड पदार्थ घातला, तर केक फुगला नाही, वरून पांढुरका राहिला आणि खाताना चिवट लागला. पुढच्या वेळी मध आणि गव्हाचे पीठ वापरले. केक चविष्ट झाला, परंतु दोन तासांनी तिची रक्तशर्करा बरीच वाढलेली आढळली. चवीला चांगला आणि तिला चालेल असा केक होतच नाही का?

उत्तर : होतो, आणि तुमचे दोन्ही केक का फसले हे पाहिले तर तो कसा करावा हेही उमगते. केकमध्ये साखर गोडीखेरीज बरीच कामे करते : लोण्याबरोबर फेटताना तिचे कण हवा अडकवतात, ती ओलावा धरून ठेवते, ग्लुटेनला (पिठातील प्रथिनांच्या जाळ्याला) फार चिवट होऊ देत नाही, पिठातील स्टार्च उशिरा घट्ट होऊ देऊन केकला फुगायला उसंत देते आणि वरच्या भागाला तांबूस रंग आणते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड असल्यामुळे 200 ग्रॅम साखरेच्या जागी ते जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम पुरते. गोडी तेवढीच राहिली तरी मिश्रणातून जवळजवळ 200 ग्रॅम ऐवज नाहीसा झाला आणि त्याची कामे करायला कोणी उरले नाही. (साखरेसारखी चमच्याने मोजून घालायची भुकटी असेल, तर तिच्यात भर म्हणून बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून केलेले कर्बोदक असते आणि तेही रक्तशर्करा झपाट्याने वाढवते, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरे अवश्य वाचावीत.)

दुसऱ्या केकची गोष्ट वेगळी आहे. मधाचा सुमारे चार पंचमांश भाग साखरच असतो, आणि गव्हाच्या पिठात तंतू (फायबर) मैद्यापेक्षा अधिक असले तरी 100 ग्रॅममागे कर्बोदके 70 ग्रॅमच्या आसपास असतातच. मध किंवा खजूर ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्तपणे वापरण्याची सवय फार पसरली आहे. रक्ताला मात्र हा भेद कळत नाही.

म्हणून हिशेब साखरेचा न मांडता एका तुकड्यातील एकूण कर्बोदकांचा मांडावा. 200 ग्रॅम मैदा आणि 200 ग्रॅम साखर यांच्या केकचे दहा तुकडे केले, तर प्रत्येकात सुमारे 35 ग्रॅम कर्बोदके येतात. साखर पूर्ण काढली तरी मैद्याची 15 ग्रॅम राहतातच. माझ्या मते स्पंजशी झगडत बसण्यापेक्षा, ज्याची बांधणी मुळातच मैदा आणि साखरेवर फारशी अवलंबून नाही, असा केक निवडणे शहाणपणाचे ठरते.

बदामाचा केक असा आहे. 200 ग्रॅम बारीक बदामपूड, चार अंडी, 60 ग्रॅम साखर, दोन संत्र्यांच्या सालीचा बारीक कीस, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एवढेच साहित्य घ्यावे. अंड्यांचे पिवळे बलक साखरेबरोबर फिकट होईपर्यंत फेटावेत, त्यात पूड, कीस, मीठ आणि बेकिंग पावडर मिसळावी, पांढरे वेगळे फेटून घट्ट फेस झाला की तो हलक्या हाताने तीन वेळा थोडा थोडा मिसळावा आणि 20 सेंटिमीटरच्या, तळाला कागद घातलेल्या भांड्यात 160 अंशांवर सुमारे 35 ते 40 मिनिटे भाजावे. दहा तुकडे केल्यास प्रत्येकात तंतूंसह साधारण 10 ग्रॅम कर्बोदके येतात. बदामात स्निग्धांश भरपूर असल्याने केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, पण त्याच कारणाने उष्मांक कमी नसतात, हे दुसरा तुकडा उचलण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

साखर मुळीच नको असेल तर साखरेऐवजी वापरायचे दळलेले एरिथ्रिटॉल 80 ग्रॅम घ्यावे. ते साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश गोड असते आणि रक्तशर्करा जवळजवळ वाढवत नाही. मात्र त्याने रंग चढत नाही, जिभेला किंचित थंडावा जाणवतो आणि प्रमाण वाढवल्यास केक गार झाल्यावर खडे कचकचतात. त्याच जातीचे माल्टिटॉल केकमध्ये साखरेसारखेच वागते, पण रक्तशर्करा काही अंशी वाढवते आणि जास्त झाल्यास पोट बिघडवते. ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोड पदार्थ भट्टीच्या उष्णतेत टिकत नाही, त्यामुळे केकसाठी ते निरुपयोगी समजावे. गोडी कमी केल्याची उणीव संत्र्याची साल, व्हॅनिला, दालचिनी किंवा भाजलेल्या बदामाच्या वासाने बरीच भरून निघते. मीठही विसरू नये.

आईंना हा केक जेवणानंतर द्यावा आणि जेवणातील पिष्टमय पदार्थ तेवढ्या बेताने कमी करावेत. पहिल्या वेळी खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी तपासणी केली, की तिला किती तुकडा सोसतो हे कळेल.

प्रश्न : माझे वडील इन्शुलिन घेतात. अचानक साखर उतरली, तर घरात असलेला असा केक त्यांना द्यावा का?

उत्तर : देऊ नये. रक्तशर्करा दर डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली, की लवकर शोषली जाणारी सुमारे 15 ग्रॅम साखर हवी असते : ग्लुकोजच्या गोळ्या, फळांचा रस किंवा पाण्यात विरघळवलेली साधी साखर. बदामाच्या केकमध्ये साखर थोडी आणि स्निग्धांश पुष्कळ, त्यामुळे नेमकी घाईची वेळ असताना तिचे शोषण रेंगाळते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर अजून कमीच असेल तर तोच उपाय पुन्हा करावा. शुद्ध हरपत असेल, तर मात्र तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी.