विमा नसलेल्या मित्राच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे कसे उभे करावेत?

प्रश्न : माझ्या जवळच्या मित्राच्या हृदयाची एक झडप निकामी झाली असून ती तीन आठवड्यांच्या आत बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्याचा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे, आरोग्य विमा त्याने कधी काढलाच नाही आणि होती ती बचत तपासण्यांमध्येच संपत आली आहे. आम्ही काही मित्रांनी मिळून पैसे गोळा करायचे ठरवले आहे. आमच्यापैकी एकाने आवाहनाचा मजकूर लिहूनही ठेवला आहे आणि तो आजच सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकावा, असा त्याचा आग्रह आहे. घाईत काही चुकले तर मित्राचेच नाव खराब होईल, अशी मला भीती वाटते. सुरुवात कोठून करावी? – एक वाचक

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, म्हणून तो मजकूर एक-दोन दिवस थांबवा. शस्त्रक्रियेला तीन आठवडे असताना हे दोन दिवस वाया जाणार नाहीत, कारण आवाहन वाचणारा माणूस जे प्रश्न विचारणार आहे, त्यांची उत्तरे त्याआधी तुमच्या हाती असायला हवीत.

सर्वांत आधी मित्राशी आणि त्याच्या घरच्यांशी स्पष्ट बोला. आजाराचे नाव सांगायचे का, छायाचित्र वापरायचे का, तपासणीचे अहवाल दाखवायचे का, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, तुमचा नाही. एकदा गटांवर गेलेला मजकूर परत घेता येत नाही आणि उद्या त्याच्याकडे काम घेऊन येणारा ग्राहकही तो वाचणार आहे. अहवाल द्यायचाच असेल, तर त्यावरील पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक झाकल्याशिवाय तो कोणालाही पाठवू नका.

त्यानंतर रुग्णालयाकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या आणि तो घेताना त्यात काय धरलेले नाही, हे आवर्जून विचारा. ‘पॅकेज’ म्हणून जी रक्कम सांगितली जाते, तिच्यात ठरलेल्या दिवसांपुरताच मुक्काम असतो. अतिदक्षता विभागातील वाढीव दिवस, रक्त, बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांचे शुल्क आणि कधी कधी खुद्द झडपेची किंमतही त्याबाहेर असते. तुमच्या मित्राच्या बाबतीत आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे, तो म्हणजे झडप कोणती बसवणार. धातू-कार्बनची यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, परंतु ती बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिची मात्रा योग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या झडपेला ती गोळी सहसा आयुष्यभर लागत नाही, मात्र ती काही वर्षांनी झिजते आणि पुन्हा बदलण्याची वेळ येऊ शकते. निवड अर्थात डॉक्टरांनी आणि रुग्णाने वय व प्रकृती पाहून करायची आहे, पण पुढचा खर्च त्या निवडीनुसार बदलतो. डिस्चार्जनंतरच्या महिन्यांत व्यवसाय बंद राहील, तेव्हा घर कसे चालेल, तोही याच हिशेबाचा भाग आहे. अनेक आवाहनांत तो धरलेलाच नसतो आणि मग दोन महिन्यांनी पुन्हा हात पसरावा लागतो.

रक्कम गोळा करण्याइतकीच ती कमी करण्याची खटपट करा, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. धर्मादाय सवलत, सरकारी योजना आणि रुग्णांना मदत करणारे न्यास यांची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नसते, तरीही लोक त्यांच्याकडे सर्वांत शेवटी जातात. हे अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी करायचे असतात, कारण पुष्कळ न्यास झालेल्या खर्चाची भरपाई देत नाहीत. ‘विमा नाही’ हे विधानही एकदा तपासून पाहा. पती किंवा पत्नीच्या नोकरीतून मिळणाऱ्या सामूहिक विम्यात जोडीदाराचे नाव असल्याचे कुटुंबाच्या लक्षातच नसते, असे घडते. आता नवा विमा काढून हा खर्च भागवावा, असे कोणी सुचवले तर त्या वाटेला जाऊ नका. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षाकाळ असतो आणि आजार लपवला तर दावाच नाकारला जातो. कायद्याच्या संरक्षणाचीही मर्यादा ध्यानात ठेवा. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये जखमी व्यक्तीचा जीव वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य ठरवले आणि अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णाला पैशांअभावी परत पाठवण्यास मनाई केली. मात्र हे संरक्षण आणीबाणीच्या क्षणापुरते आहे. तारीख ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेचे बिल त्यामुळे माफ होत नाही.

आता आवाहनाविषयी. लोकवर्गणीची संकेतस्थळे आज सर्वत्र आहेत, त्यांपैकी सर्वांत परिचित असलेले ‘गोफंडमी’ २०१० मध्ये सुरू झाले. तेथे भरभरून पैसे मिळालेल्या मोहिमांच्याच बातम्या होतात, त्यामुळे अपेक्षा अवास्तव वाढतात. अमेरिकेतील दोन संशोधकांनी अशा दोनशे वैद्यकीय मोहिमांचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्ण उद्दिष्ट गाठणाऱ्या मोहिमा साधारण दहात एक एवढ्याच होत्या. अनोळखी लोकांचा ओघ लागेल, या भरवशावर तीन आठवड्यांत करायची शस्त्रक्रिया ठेवू नका. पैसा मुख्यतः ओळखीतूनच येतो आणि ओळखीतला माणूस गटावरच्या संदेशापेक्षा फोनला अधिक मान देतो. म्हणून तुम्ही मित्रांनी आपापल्या ओळखीच्या लोकांची नावे काढा, ती वाटून घ्या, प्रत्येकाला स्वतः फोन करा आणि जमेल तेवढी ठरावीक रक्कम मागा. ‘जमेल तसे पाहा’ म्हटले की समोरचा पाहतो आणि विसरतो. सार्वजनिक आवाहन त्यानंतर करा. सुरुवातीला बरीच रक्कम जमलेली दिसली की नवख्या माणसालाही विश्वास वाटतो.

मजकूर छोटा ठेवा. देशातील आरोग्यसेवेची दुरवस्था त्यात नको. एका व्यक्तीची हकिकत सांगून मागितलेली मदत अधिक मिळते आणि त्या हकिकतीला आकडेवारी जोडली की ती घटते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले होते. साधारण असे लिहिता येईल : ‘आमच्या मित्राच्या हृदयाची झडप या महिन्यात बदलायची आहे. रुग्णालयाचा लेखी अंदाज सोबत आहे. त्यापैकी इतकी रक्कम कुटुंबाने भरली आहे आणि इतकी कमी पडते आहे. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात त्याच्या नोंदणी क्रमांकावर भरावेत. शंका असल्यास आमच्यापैकी या दोघांना फोन करावा.’ यात रडगाणे नाही आणि लपवाछपवीही नाही.

थेट रुग्णालयात पैसे भरण्याची सोय नसेल, तर ते मित्राच्या जवळच्या नातेवाइकाच्या नावे, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या खात्यात घ्या. तुमच्यापैकी कोणाच्याही नेहमीच्या खात्यात ते येऊ देऊ नका, मग तो कितीही सचोटीचा असो. घरखर्चात मिसळलेल्या पैशांचा हिशेब नंतर कोणालाच पटवून देता येत नाही. जमा किती झाले, भरले किती आणि पावती, एवढी माहिती ठरावीक दिवशी सर्व देणगीदारांना जाऊ द्या. संकेतस्थळ वापरणार असाल, तर त्यांचे शुल्क किती, रक्कम हातात येण्यास किती दिवस लागतात आणि उद्दिष्ट अपुरे राहिले तरी पैसे मिळतात का, हे आधी वाचा. पैसे मिळण्यास होणारा विलंब आणि रुग्णालयाची अनामत भरण्याची तारीख यांचा मेळ बसला नाही, तर जमलेली रक्कम पडद्यावर दिसते आणि काउंटरवर भरायला हाती काही नसते.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांना रक्तदात्यांची यादी करण्याचे काम द्या. अशा शस्त्रक्रियेत रक्ताची गरज भासू शकते आणि नेमका तोच फोन शेवटच्या रात्री केला जातो.

प्रश्न : आजारी मैत्रीण म्हणते, ‘मला दान नको, मी सगळे पैसे परत करीन.’ तिला काय सांगावे?

उत्तर : तिचा स्वाभिमान मोडून काढू नका, पण आजारपणात तिच्याकडून परतफेडीचा शब्दही घेऊ नका. देणाऱ्याने उसने म्हणून दिले की मदत म्हणून, हे प्रत्येकाकडून त्याच वेळी लेखी घ्या, साधा संदेशही पुरेल. उसन्या पैशांची यादी वेगळी ठेवा आणि ती छोटीच राहील, असे पाहा. बाकीच्यांसाठी तिला एवढेच सांगा की, परत करायचेच असेल तर पुढे दुसऱ्या कोणाला करावे. काही जणींना हे पटते, काही जणींना पटत नाही. पटले नाही तर तोही तिचाच निर्णय आहे.

प्रश्न : उपचार झाले आणि जमलेल्या पैशांतून बरीच रक्कम उरली. ती कोणाची?

उत्तर : आवाहनात काय लिहिले होते, यावर ते अवलंबून आहे, म्हणून हे वाक्य पहिल्याच मजकुरात हवे : ‘रक्कम उरल्यास ती पुढील औषधांसाठी वापरली जाईल.’ ते लिहिले नसेल, तर देणगीदारांना कळवून त्यांची संमती घ्या आणि मागेल त्याचे पैसे परत करा. फार थोडे लोक मागतात. उरलेली रक्कम दुसऱ्या गरजू रुग्णाला द्यायची असेल, तर ती त्याच्या हाती न देता त्याच्या रुग्णालयाच्या खात्यात भरा आणि ती पावतीही सर्वांना पाठवा.