एअरबॅग उघडल्या नाहीत, आणि गाडी भंगारात निघाली आहे

प्रश्न : वकीलसाहेब, मी रावेर तालुक्यातला केळी व्यापारी. तीन महिन्यांपूर्वी रात्री भुसावळहून जळगावला येताना नशिराबादच्या अलीकडे आमची कार रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, बायकोचं गळपट्टीचं हाड मोडलं. पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या नाहीत. अपघाताच्या महिनाभर आधीपासून मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागून राहायचा. सर्व्हिसिंगला दाखवलं, तर सल्लागाराने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, ‘सेन्सरचा इश्यू आहे, पार्ट आला की सांगतो, गाडी चालवा.’ आता कंपनीचा ईमेल आलाय की धडक पुरेशी नव्हती, यंत्रणा व्यवस्थित होती. गाडी २०२२ मध्ये ११ लाख ४० हजारांना फर्मच्या नावावर घेतली. विमा कंपनीने टोटल लॉस (म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं) धरलाय, पुढच्या आठवड्यात भंगारवाला गाडी उचलणार. काय करता येईल?

उत्तर : भाऊ, आधी एक फोन करा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्याला) सांगा, गाडी अजून कुणालाही उचलू द्यायची नाही. तेच लगेच ईमेलने विमा कंपनीला आणि ज्या यार्डात गाडी उभी आहे त्यांनाही कळवा. बाकीचं उत्तर रात्री वाचलंत तरी चालेल.

एवढी घाई का, तर तुमचा मुख्य साक्षीदार त्या गाडीतच बसलाय. एअरबॅगचं नियंत्रण करणारा एक छोटा डबा असतो, बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, मधल्या कन्सोलखाली. यंत्रणेत बिघाड असेल तर त्याचा कोड त्यात नोंदला जातो. बऱ्याच गाड्यांत धडकेच्या क्षणाची माहितीही राहते. गाडी भंगारात गेली की डबा गेला, आणि मग कंपनीचे इंजिनिअर आणि तुम्ही फोटोंवरून वाद घालत बसाल. त्या वादात ते तुमच्यापेक्षा तरबेज आहेत.

टोटल लॉसचे पैसे सोडायची गरज नाही. भंगाराची किंमत वजा करून बाकी रक्कम घ्यायची आणि मोडकी गाडी स्वतःकडे ठेवायची, असा तोडगा विमा कंपन्या मान्य करतात. कर्ज असेल तर बँकेशी आधी बोला. यार्डाचं भाडं चढतंय म्हणून कंटाळू नका, गाडी रावेरला एखाद्या शेडमध्ये आणून उभी करा. दारं आणि बॉनेटवर कागदी पट्ट्या चिकटवून दोन पंचांच्या सह्या घ्या, तारखेसह फोटो काढा. आणि मुख्य म्हणजे डीलरला ‘जरा स्कॅन करून बघतो’ म्हणून एकट्याने गाडीला हात लावू देऊ नका. एकदा कोड पुसले गेले, की ते कुणी पुसले हे सिद्ध करायला आणखी एक खटला लागेल.

आता कंपनीच्या ईमेलकडे वळू. ‘धडक पुरेशी नव्हती’ हे त्यांचं नेहमीचं उत्तर, पण ते कायम खोटंच असतं असं मात्र नाही. पुढच्या एअरबॅग समोरून बसलेल्या जोरदार आघातावर उघडतात. मागून धक्का बसला, गाडी उलटली किंवा गाडीचं नाक उंच ट्रकखाली शिरलं, तर त्या उघडतीलच असं नसतं. तुमची गाडी ट्रॉलीवर मागून आदळली आहे, त्यामुळे ‘बॉनेट ट्रॉलीखाली गेलं, पुढच्या सांगाड्याला मार बसलाच नाही’ हा बचाव येणार, हे धरून चाला. म्हणून बंपरमागचा आडवा लोखंडी भाग, चासीची टोकं आणि रेडिएटरचा आधार वाकला असेल तर त्याचे जवळून फोटो आजच काढा. काच आणि छताच्या फोटोंनी इथे फारसं काम होणार नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २० एप्रिल २०२२ चा निकाल तुमच्या उपयोगाचा आहे. ह्युंदाईच्या क्रेटा गाडीचा २०१७ मधला अपघात, एअरबॅग उघडल्या नाहीत, डोक्याला-छातीला मार. कंपनीने वेग आणि बळाचं गणित मांडलं. न्यायालय म्हणालं, ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावा अशी अपेक्षा करता येत नाही. गाडीची अवस्थाच पुरेसं बोलत होती. तक्रार करण्याच्या मुदतीचा मुद्दाही तिथे निघाला होता. एअरबॅग खरेदीच्या दिवशी फुगवून बघता येत नाही, त्यामुळे दोष कळतो तो अपघाताच्या दिवशी आणि मुदत तिथूनच मोजायची, असं ठरलं. म्हणजे ‘२०२२ ची गाडी, वॉरंटी संपली’ हे ऐकून गप्प बसू नका.

तरीही माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा कणा त्या निकालात नाही, तो सल्लागाराच्या मेसेजमध्ये आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे आणि गरजेच्या वेळी एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. कंपनी लिहिते यंत्रणा व्यवस्थित होती, आणि त्यांच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस महिनाभर आधी लिहितो सेन्सरचा इश्यू आहे. दोघे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. ते भांडण त्यांना आपसात करू द्या. त्या दिवसाचं जॉबकार्ड (सर्व्हिस सेंटरचा कामाचा नोंद-कागद) मागून घ्या. त्यावर दिव्याची तक्रार लिहिलेली नसेल (बहुधा नसेलच, तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं), तरी मेसेज आणि जॉबकार्डची तारीख जुळली की पुरे.

याची दुसरी बाजूही ऐका. ते म्हणतील, दिवा लागलेला दिसत होता, तरी रात्री हायवेवर गाडी का काढली? तुमचं उत्तर त्याच मेसेजमध्ये आहे: ‘गाडी चालवा’ असं त्यांनीच सांगितलं होतं.

तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. डीलर भुसावळचा असो की कंपनीचं मुख्यालय चेन्नईला असो, तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमच्या रकमेला फी ४०० रुपये, म्हणजे दोघांच्या भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या बिलाएवढी. कलम ८४ खाली निर्माता, कलम ८५ खाली चुकीची सेवा देणारा आणि कलम ८६ खाली विक्रेता, असे सगळे सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. निर्मात्याच्या बाबतीत या कायद्याचा मोठा फायदा असा, की दोष सिद्ध झाला तर ‘आमचा निष्काळजीपणा नव्हता’ एवढं म्हणून त्याची सुटका होत नाही.

तक्रारीसोबतच कलम ३८ खाली दोन अर्ज द्या. एक, गाडी आणि तो डबा आहे तसा राखण्याचा अंतरिम आदेश. दुसरा, दोन्ही बाजूंसमोर तज्ज्ञाकडून डबा वाचून अहवाल मागवण्याचा. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचं नाव सुचवता येईल. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, त्याची तयारी ठेवा.

गाडी फर्मच्या नावावर आहे म्हणून तुम्ही घाबरलेले दिसता. ‘व्यापारी हेतूने घेतली, मग तुम्ही ग्राहकच नाही’ हा मुद्दा ते नक्की काढतील, फर्मच्या हिशोबातला घसाराही दाखवतील. पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीज गाड्यांच्या प्रकरणात, कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली कार एवढ्यावरून व्यापारी हेतूची ठरत नाही, असं म्हटलं. त्यातल्या एका गाडीच्या एअरबॅगच उघडल्या नव्हत्या. तुमची गाडी केळी वाहत नव्हती, घरच्यांना वाहत होती. पेट्रोलची बिलं, लग्नकार्याला-दवाखान्याला गेल्याच्या नोंदी जमवा. तक्रारदार म्हणून फर्म, तुम्ही आणि वहिनी तिघांची नावं घाला. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे.

मागणी नीट मांडा. गाडीची किंमत विम्यातून मिळाली असेल तर तीच पुन्हा मागू नका, खोटं दिसतं. दवाखाना, बुडालेली कमाई, शारीरिक त्रास, मनस्ताप आणि खर्च मागा. क्रेटाच्या प्रकरणात भरपाई आणि खर्च मिळून ३ लाख आणि बदली गाडी मिळाली, तीही साडेचार वर्षांनी. वस्तूची तपासणी लागणारं प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढावं, असं ग्राहक कायद्यात लिहिलंय. जळगावला कोर्टाची पायरी चढलेला कुणीही त्यावर हसेल.

ट्रॉलीचं प्रकरण वेगळं ठेवा. तिच्या मालकावर आणि विमा कंपनीवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. त्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे आणि तुमचे तीन गेले. ग्राहक आयोगाला दोन वर्षं आहेत म्हणून दोन्हीकडे निवांत राहू नका. तुमच्या रकमेतून ‘वेग जास्त होता’ म्हणून काही कापलं जाईल. वहिनी गाडी चालवत नव्हत्या, त्यांच्या रकमेतून तुमची चूक कापता येत नाही. पोलिसांकडून पंचनामा आणि आरटीओच्या निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल घ्या. एअरबॅग उघडल्या नव्हत्या असं एक वाक्य त्यात असेल, तर ते फार मोलाचं आहे.

दोन गोष्टी पत्रात नाहीत. गाडीला पुढे लोखंडी गार्ड लावला होता का? आणि सीटबेल्टचे पट्टे बांधले होते का? गार्ड असेल तर ‘गाडीत फेरफार केला’ हा बचाव ग्राहक कायद्याच्या कलम ८७ मध्ये विक्रेत्याला तयार मिळतो. पट्टा नसेल तर भरपाई घटू शकते. जे असेल ते वकिलाला खरं सांगा, त्याला ते समोरच्याच्या लेखी जबाबात पहिल्यांदा वाचायला लावू नका.

मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागेल, आणि मूळ फोन विचारला तर दाखवावा लागेल. नवा मोबाईल घ्यायचा विचार असेल तर खुशाल घ्या, पण जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका.